चोर सोडून तबलजीला फाशी

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. मागच्या वर्षी एका रविवारी मी माझ्या भाच्याला सलग अकरा टेक "तू लयीत मागे पडतोयस" असं ऐकवलं. तो मागे पडत नव्हता. मागे पडत होता माझा कॉम्प्युटर. आजचा लेख त्या रविवारचा हिशोब चुकता करायला आहे. आणि त्या निमित्ताने ऑडिओ इंटरफेस, बफर, लेटन्सी या विषयांवर आपल्यासारखी शिकली-सवरलेली मंडळी जे अज्ञान मोठ्या आत्मविश्वासाने वाटत फिरतात (त्यात पहिला नंबर माझा), त्यावर जरा तोंडसुख घ्यायलाही आहे.

तर झालं असं. भाचा कॉलेजसाठी पुण्यात आमच्याकडे राहतो. नऊ वर्षं तबला शिकतोय. त्याला एका स्पर्धेच्या पहिल्या फेरीसाठी द्रुत तीनतालाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. पेटीवर लेहरा धरायला ताई, म्हणजे त्याची आई, पण ती नाशिकला. तिने कानात मेट्रोनोम लावून लेहरा वाजवला आणि फाईल पाठवून दिली. माझ्याकडे हौशी रेकॉर्डिंगचं सामान आहे: दोन चॅनेलचा इंटरफेस, एक बरा माईक, हेडफोन. म्हटलं ये, तासाभरात उरकून टाकू. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, खालच्या मजल्यावरच्या मिक्सरची घरघर थांबायची वाट बघितली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

त्याने वाजवलं. समोर बसून ऐकताना तर झकास वाटलं. मग दोघांनी परत लावून ऐकलं तर काहीतरी ढिलं. सम येते, पण बसत नाही. रेला सुरू झाला की सगळंच फरफटत चालल्यासारखं. मी लगेच वेव्हफॉर्म झूम करून दाखवला. "ही बघ मेट्रोनोमची रेघ, आणि हा तुझा धा. आहे की नाही मागे?" तो म्हणाला, "मामा, वाजवताना बरोबर होतं." त्यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही लाज वाटते. मी म्हणालो, "अरे, डेटा खोटं बोलत नाही."

नवव्या-दहाव्या टेकपर्यंत पोरगा मुद्दाम पुढे वाजवायला लागला होता. म्हणजे ऐकू येतंय एक आणि हात भलतीकडेच. नऊ वर्षांत कमावलेली गोष्ट मी दोन तासांत बिघडवून दाखवली. अकराव्या टेकनंतर त्याने हातोडी पिशवीत टाकली आणि "राहू दे" म्हणाला. रेकॉर्डिंग गेलंच नाही. शेवटची तारीख निघून गेली.

आता चोर कोण ते बघू. त्यासाठी आधी बफर म्हणजे काय हे समजून घ्यायला लागेल. फार अवघड नाही, उगाच अवघड करून ठेवलंय.

कॉम्प्युटरच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. एका सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. यातल्या एका आकड्याला सँपल म्हणायचं. आता एक पंगत डोळ्यांसमोर आणा. जेवायला बसलाय इंटरफेसमधला कन्व्हर्टर, आकड्यांचा परत आवाज करणारा. हा गृहस्थ सेकंदाला बरोबर ४८,००० शितं खातो. एक कमी नाही, एक जास्त नाही, आणि थांबणं तर त्याला माहीतच नाही. वाढपी म्हणजे तुमचा प्रोसेसर. पण हा वाढपी काही याच्या एकट्याच्या दिमतीला नाही. पलीकडे वाय-फाय पाणी मागतंय, अँटीव्हायरसला मठ्ठा हवाय, ब्राउझरच्या चाळीस टॅब "भात, भात" म्हणून ओरडतायत. आणि जेवणाऱ्यासमोर जी वाटी ठेवलीय ती म्हणजे बफर.

वाटी लहान असेल तर वाढप्याला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात. एका फेरीला उशीर झाला की वाटी रिकामी, आणि जेवणारा तर थांबत नाही, तो रिकामा घास घेतो. तोच तुम्हाला हेडफोनमध्ये "टक्" किंवा "चर्र" म्हणून ऐकू येतो. वाटी मोठी केली की वाढप्याला निवांतपणा. पण मग आत्ता वाढलेलं शीत तोंडात जायच्या आधी त्याच्यापुढचा सगळा भात संपावा लागतो. या उशिराला म्हणायचं लेटन्सी.

झालं. एवढंच आहे. बाकी सगळा भागाकार. बफरमधल्या सँपलना सेकंदाच्या सँपलनी भागा. ४८,००० च्या दराने ६४ चा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.७, २५६ म्हणजे ५.३, ५१२ म्हणजे १०.७ आणि १,०२४ म्हणजे २१.३. ही झाली एका बाजूची वाटी. माईककडून आत येताना एक आणि हेडफोनकडे बाहेर जाताना एक, म्हणजे आवाज आत जाऊन परत बाहेर यायला निदान याच्या दुप्पट वेळ. त्यात कन्व्हर्टरच्या आतल्या फिल्टरचा थोडा वेळ, यूएसबीचा थोडा (ती केबल आकडे सलग नेत नाही, ठरावीक अंतराने सुटणाऱ्या लोकलसारखी डब्यात भरून नेते), आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने "असू दे जवळ" म्हणून ठेवलेली एक जास्तीची वाटी. ही शेवटची वाटी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

हे आकडे मोठे की छोटे? आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंद लेटन्सी म्हणजे स्पीकर साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखं. बैठकीत पेटीवाला गायकापासून मीटर-दीड मीटरवर असतो, म्हणजे तीन-चार मिलिसेकंद तर देवानेच ठेवलेत. तेव्हा "मला तीन मिलिसेकंदांचा फरक कळतो" म्हणणाऱ्याला खुशाल हसा.

पण दुसरी बाजूही बघा. मिनिटाला २४० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. त्यात चौपटीने रेला धरला की दर ६२.५ मिलिसेकंदांना एक बोल पडतो. तिथे वीस-पंचवीस मिलिसेकंद इकडेतिकडे म्हणजे एका बोलाचा साधारण तिसरा हिस्सा. हा फरक कळायला उस्ताद असावं लागत नाही, बोल घसरतात ते सरळ ऐकू येतं. गाणाऱ्याचं तर आणखी वेगळं. त्याचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच्या कानात आधीच पोचलेला असतो आणि हेडफोनमधून तोच आवाज थोडा उशिरा येतो. दोन्ही एकमेकांत मिसळले की आवाज पोकळ, डब्यात गायल्यासारखा लागतो. म्हणून तबलजीला चालणारी लेटन्सी गायकाला चालेलच असं नाही. आणि हा उशीर पार २०० मिलिसेकंदांच्या आसपास गेला तर धडधाकट माणूस बोलतानाही अडखळायला लागतो. बर्नार्ड ली या संशोधकाने हे १९५० सालीच दाखवून दिलंय. (ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. बफर ३२ करा नाहीतर ३, त्याला काही फरक पडत नाही.)

आता वळू या सल्लागारांकडे. तीन जाती आहेत.

पहिली जात: "लॅपटॉप बदल." तुमच्या हेडफोनमध्ये टक्-टक् यायला लागली की हे महाशय साठ हजारांचा खर्च सांगून मोकळे होतात. मीही सांगितलाय. एका मित्राने माझं ऐकून नवीन मशीन घेतलं आणि टक्-टक् तशीच राहिली. कारण प्रश्न वाढपी सरासरी किती चपळ आहे हा नव्हताच. प्रश्न होता त्याच्या सगळ्यात वाईट फेरीला किती वेळ लागतो हा.

इथे आपल्या धंद्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. आपण सॉफ्टवेअरवाले सरासरीवर जगतो. शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट वेळेत गेल्या की डॅशबोर्ड हिरवा आणि मॅनेजर खूश. आता हाच न्याय आवाजाला लावा. १२८ च्या बफरने सेकंदाला ३७५ वाट्या भराव्या लागतात. त्यातल्या नव्व्याण्णव टक्के वेळेत भरल्या तर सेकंदाला जवळजवळ चार वेळा टक्! बरं, ९९.९९ टक्के घेऊ. अशा आकड्यावर आपल्याकडे बढती मिळते. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सव्वादोन लाख वाट्या होतात, म्हणजे तरीही बावीस टक्-टक्. एक सुद्धा चालत नाही हो, पेटीच्या लेहऱ्यात एक सुद्धा चालत नाही. रॉस बेन्सिना यांनी २०११ साली ऑडिओ प्रोग्रामिंगवर एक फार सुंदर लेख लिहिला होता. त्याचं सार असं, की जे काम किती वेळ खाईल हे तुम्हाला आधी सांगता येत नाही, ते आवाजाच्या धाग्यात करायचंच नाही. मेमरी मागायची नाही, कुलूप लावून थांबायचं नाही, डिस्कला हात लावायचा नाही. आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात असा एक फंक्शन लिहिलाय? मी नाही.

आणि वाईट फेरी येते कुठून? बऱ्याचदा वाय-फायच्या ड्रायव्हरमधून, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमधून, बॅटरी वाचवायला प्रोसेसर अर्धवट झोपतो त्यातून. यासाठी साठ हजार लागत नाहीत. वाय-फाय बंद करा, चार्जर लावा, पॉवर सेटिंग पूर्ण वेगावर ठेवा. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं घरी फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर कुठला ड्रायव्हर रस्ता अडवून बसलाय ते नावानिशी सांगतं. त्या मित्राच्या नव्या लॅपटॉपवर हे शेवटी लावून बघितलं तेव्हा गुन्हेगार वाय-फायच निघाला. जुन्यावरही बहुधा तोच असावा, पण तो तोवर विकून झाला होता. आणखी एक गोष्ट. विंडोजवर नेहमीच्या वाटेने आवाज पाठवलात तर तो सगळ्या प्रोग्रॅमच्या आवाजात मिसळून मग बाहेर पडतो. ही गर्दी टाळायला स्टाईनबर्ग कंपनीने १९९७ साली एसिओ नावाची आडवाट काढली. इंटरफेस बनवणाऱ्याने स्वतःचा एसिओ ड्रायव्हर दिला असेल तर तो टाका, मग माझ्याशी बोला. लिनक्समध्ये तर वेळेची हमी देणारं प्रीएम्प्ट-आरटी हे काम वीसेक वर्षं बाहेर ठिगळासारखं जगत होतं, ते २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आलं. साधारण कामाचा कॉम्प्युटर वेळ पाळण्यासाठी जन्मालाच आलेला नाही, हे मान्य करायलाच आपल्याला इतकी वर्षं लागतात.

दुसरी जात: "झिरो लेटन्सी." हे इंटरफेसच्या खोक्यावरच छापलेलं असतं. खोटं नाही, पण पुणेरी पाटीइतकं खरं: शब्दाला शब्द बरोबर आणि तुमच्या काही उपयोगाचं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की माईकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत न नेता इंटरफेसमधूनच परस्पर हेडफोनकडे वळवता येतो. याला डायरेक्ट मॉनिटरिंग म्हणतात, आणि सोय उत्तम आहे. जरूर वापरा. गाताना स्वतःचा आवाज ताबडतोब ऐकू येतो आणि बफर मोठा ठेवता येतो. पण त्या आवाजावर कॉम्प्युटरमधला रिव्हर्ब नसतो, कारण तो आवाज कॉम्प्युटरकडे गेलेलाच नसतो. कॉम्प्युटरमधून येणारं सगळं, म्हणजे लेहरा, तानपुरा, मेट्रोनोम, हे मात्र लेटन्सीसकटच येतं. म्हणजे ऐकणारा समजतो आपल्याकडे लेटन्सी नावाची गोष्टच नाही, आणि तो शोधायचंच थांबवतो. मी थांबवलं होतं.

तिसरी जात: "आमच्याकडे ३२ ला चालतं." ही जात गाडीचा ॲव्हरेज सांगणाऱ्यांची चुलत भावंडं. बफर म्हणजे आवाजाचा दर्जा नव्हे, हे यांना कितीही सांगा. वाटी लहान केल्याने भाताची चव बदलत नाही! रेकॉर्ड झालेले आकडे ३२ ला आणि १,०२४ ला तेच असतात (मध्ये टक् आलं नाही तर). रेकॉर्डिंग करताना स्वतःला कॉम्प्युटरमधून ऐकायचं असेल किंवा की-बोर्ड लावून कॉम्प्युटरमधलं वाद्य वाजवायचं असेल, तर बफर लहान करा, १२८ पासून सुरू करा आणि टक्-टक् यायच्या एक पायरी अलीकडे थांबा. मिक्सिंगला बसलात की बिनदिक्कत १,०२४ वर न्या. तिथे कोणी काही वाजवत नाहीये, वाढप्याला जेवू द्या. आणि मुख्य ट्रॅकवर पुढचं बघून काम करणारा लिमिटर लावलेला असेल तर तो स्वतःचा उशीर घेऊन येतो. बफर कितीही कमी केलात तरी तो जात नाही. तो प्लगइन रेकॉर्डिंगपुरता बंदच करावा लागतो.

आता मूळ गुन्ह्याकडे. कारण भाच्याच्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. टक्-टक् नव्हती. स्वतःचा तबला त्याला डायरेक्ट मॉनिटरिंगने तिथल्या तिथे ऐकू येत होता. बफर मी २५६ चा ६४ करून बघितला होता. तरीही प्रत्येक टेक मागे.

रेकॉर्डिंग करताना काय होतं ते सावकाश बघा. कॉम्प्युटर लेहरा पाठवतो. तो बाहेरच्या वाटीतून भाच्याच्या कानात थोडा उशिरा पोचतो. भाचा त्या ऐकलेल्या लेहऱ्याशी बरोबर जुळवून वाजवतो. ते वाजवणं आतल्या वाटीतून कॉम्प्युटरकडे आणखी थोडं उशिरा पोचतं. म्हणजे माणूस अचूक वाजवत असला तरी त्याचा ट्रॅक उशिरा येणार हे ठरलेलंच. म्हणून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारतं, "बाबा रे, जाऊन-येऊन एकूण किती उशीर?" ड्रायव्हर एक आकडा सांगतो आणि सॉफ्टवेअर नवीन ट्रॅक तेवढा मागे ओढून जागेवर बसवतं. व्यवस्था उत्तम आहे. फक्त एकच गृहीत धरलंय: ड्रायव्हर खरं बोलतो.

माझा बोलत नव्हता. ती जास्तीची वाटी आठवते? तिचा हिशोबच त्याने दिला नव्हता. आणि ती वाटी बफरच्या सेटिंगमध्ये दिसत नाही, त्यामुळे बफर ६४ केला काय नि २५६ केला काय, ती आपली तेवढीच.

हे कळलं महिन्याभराने, तेही अपघाताने. मी स्वतः एका ट्रॅकवर टाळ्या वाजवून बघत होतो. माझ्याही टाळ्या मागे. परत केलं, परत मागे, आणि प्रत्येक वेळी जवळपास तेवढ्याच मागे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणूस चुकतो तेव्हा कधी पुढे जातो, कधी मागे येतो. दरवेळी सारख्याच अंतराने चुकायला माणसाला जमत नाही. ते फक्त यंत्रालाच जमतं. भाच्याचे जुने टेक उघडले. मी ओरडून ओरडून बिघडवायच्या आधीचे पहिले पाच-सहा, आणि सगळ्यांत तोच फरक. पुरावा त्या दिवशीही स्क्रीनवरच होता. मी झूम करून बोट ठेवून दाखवत होतो, फक्त चुकीच्या आरोपीकडे.

मग केबल जोडली. इंटरफेसच्या आउटपुटमधून निघालेली केबल त्याच्याच इनपुटमध्ये खुपसायची, एका ट्रॅकवर क्लिक वाजवायची आणि दुसऱ्यावर तीच रेकॉर्ड करायची. (आधी हेडफोन काढून ठेवा, डायरेक्ट मॉनिटरिंग बंद करा आणि आवाज कमी ठेवा, नाहीतर आवाज गोल गोल फिरून कान फाडेल.) मध्ये माणूस नाही, हात नाही, रियाज नाही. सॉफ्टवेअरचा हिशोब बरोबर असेल तर दोन्ही क्लिक एकाखाली एक पडायला हव्यात. माझ्याकडे त्या १,१०४ सँपल मागे पडल्या. ४८,००० ने भागा: २३ मिलिसेकंद. म्हणजे भाच्याचा तबला मी आठेक मीटर लांब, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नेऊन ठेवला होता आणि त्याला विचारत होतो की तुझी सम का चुकते.

उपाय काय? अर्ध्या मिनिटाचा. रीपरमध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये हा फरक हाताने भरायची जागा आहे. ॲबलटन लाईव्हमध्ये त्याला सरळ "ड्रायव्हर एरर कॉम्पेन्सेशन" असंच नाव आहे, म्हणजे ड्रायव्हर चुका करतात हे त्यांनी सेटिंगच्या नावातच मान्य केलंय. ऑडॅसिटीमध्ये तर अनेक वर्षं उणे १३० मिलिसेकंद असा आकडा आधीच भरून ठेवलेला असायचा, तुमचं मशीन कुठलंही असो! बऱ्याच मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशी जागा सापडते. १,१०४ भरले, पुन्हा मोजलं, क्लिक एकाखाली एक. भाच्याचा पहिला टेक तेवढाच मागे ओढून लावला.

सम बसली. अशी बसली की मी खुर्चीत नुसता बसून राहिलो.

यावर एक आक्षेप येतो तो माहीत आहे. "एवढं काय, क्लिप माऊसने ओढायची नि जागेवर आणायची." ओढता येते, मान्य. पण ती ओढायची कधी सुचते? चूक यंत्राची आहे हे माहीत असेल तेव्हा. चूक माणसाची आहे असं ठरवून बसलात तर तुम्ही क्लिप ओढत नाही, माणसाला ओढता. किंवा एकेक बोल उचलून ग्रीडवर चिकटवता आणि त्याची स्वतःची लय पुसून टाकता. शिवाय ही चूक साठत जाते. घरच्या घरी एकाने अभंगाला टाळ वाजवला, त्याला धरून दुसऱ्याने तबला, तबल्याला धरून तिसऱ्याने चिपळ्या, चिपळ्यांना धरून चौथ्याने खंजिरी. दरवेळी २३ मिलिसेकंद. चौथा बिचारा ६९ मिलिसेकंद मागे आणि सगळे म्हणणार, "याला ताल नाही." गायला-वाजवायला नुकतंच लागलेलं एखादं माणूस असं एकदा ऐकलं की परत माईकसमोर येत नाही. अशी किती मंडळी आपण गप्प केली असतील?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इंटरफेस बनवणाऱ्यांनी खोक्यावर "झिरो लेटन्सी" छापण्यापेक्षा जाऊन-येऊन किती उशीर होतो तो आकडा छापावा, आणि ड्रायव्हरने तोच आकडा सांगावा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पहिल्यांदा प्रोग्रॅम उघडल्यावर "केबल जोडा, मोजून घेऊ" असं विचारावं. मायक्रोफोनची परवानगी विचारताच ना, तसंच हेही विचारा. आणि आपण, घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या हौशी लोकांनी, समोरच्या माणसाच्या लयीबद्दल एक शब्द काढायच्या आधी एकदा केबल लावून मोजावं. नवीन इंटरफेस घेतला, ड्रायव्हर बदलला, सँपलचा दर बदलला की परत मोजावं. केबलला दोनशे रुपये लागतात आणि वेळ चहा उकळायला लागतो तेवढा.

हे सांगायचा अधिकार मला आहे असं नाही. डेटा खोटं बोलत नाही, हे वाक्य मी ऑफिसात इतकं वापरलंय की घरी येताना ते तसंच अंगावर घेऊन आलो. डेटा खोटं बोलतो की नाही माहीत नाही, पण तो कुठून आला, वाटेत कुठे थांबला आणि त्याला किती उशीर झाला, हे तो स्वतःहून सांगत नाही. ते विचारावं लागतं. त्या रविवारी खोलीत दोन साक्षीदार होते. एक नऊ वर्षं रोज पहाटे उठून हात तयार केलेला, दुसरा मी ऑनलाईन सेलमध्ये घेतलेला. मी दुसऱ्यावर विश्वास ठेवला.

दुरुस्त केलेला टेक भाच्याला ऐकवला. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाला, "हेच वाजवलं होतं मी." मी माफी मागितली. तो "ठीके रे मामा" म्हणाला, पण ती तारीख काही परत आली नाही. यंदा परत स्पर्धा आहे. रेकॉर्डिंग आमच्याकडेच करणार म्हणतोय. फक्त एक अट घातली आहे: रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी केबल तो स्वतः लावणार, आणि आकडा मी त्याला वाचून दाखवायचा.